समेआधीचा घुमारा

वैशाख जवळ आला की हायवेवरून मांडवाचे बांबू भरलेले टेम्पो जायला लागतात आणि इकडं मलकापुरात मी दिवस मोजायला लागतो. तीस वर्षं झाली या धंद्याला. लग्नात, हळदीला, बारशाला, गावच्या जत्रेला मी कीबोर्ड वाजवतो. पूर्वी हे मोजणं हुरुपाचं असायचं. सुपाऱ्या ठरायच्या, म्हणजे कार्यक्रमांच्या तारखा पक्क्या व्हायच्या, आणि मी दारामागच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करत सुटायचो. आता बांबू दिसले की वाटतं, आला बाबा परत हा महिना. ह्याला दुसरीकडं कुठं जायला जागा नाही का?

यंदा तर मशीनच रुसून बसलंय. मशीन म्हणजे माझा कीबोर्ड. अरेंजर म्हणतात ह्या जातीला. डाव्या हातानं एक कॉर्ड, म्हणजे तीनेक पट्ट्या एकदम, धरायची, की मागं ढोलकी, बेस, गिटार सगळं आपोआप वाजायला लागतं. उजव्या हातानं आपण गाण्याची चाल वाजवायची. एकटा माणूस आणि अख्खी पार्टी. ह्या मशीनला आता चौदा वर्षं झाली. स्क्रीनवर आडव्या रेघा आल्यात, त्यांच्या फटीतून अक्षरं वाचावी लागतात. मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, नखानं उचलाव्या लागतात. ऊन लागलं की मध्येच डोळे मिटतं. गेल्या माघात कोरेगावच्या बाजूला एका हळदीत नवरी पाटावर बसलेली, बायका नाचायला उठलेल्या, आणि मशीन अडकलं. ढोलकीचा एकच टोला, टप टप टप टप, थांबेचना. शेवटी वायर उपटली तेव्हा गप्प झालं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवरीचा मामा मला म्हणाला, "आवं, मशीनला झटका आला काय?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. करतो काय!

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. सुमनला माझ्या धंद्याचं कौतुक कधीच नव्हतं, पण लाज मात्र लगेच वाटते. म्हणाली, "बदला आता ते. दात पडल्यालं म्हातारं दिसाय लागलंय. लोकं नाव ठिवत्यात." तिचं खरं आहे. पैशाची अडचण म्हणाल तर तीही नाही. मुलगी नोकरीला लागलीय, पप्पा मी घेऊन देते म्हणून मागं लागलीय. मग घोडं अडलंय कुठं? ते सांगायचं तर चौदा वर्षं मागं जावं लागतं, आणि तिकडं जायचं माझ्या जिवावर येतं.

तरी एकदा सांगलीला जाऊन आलो. तिथं वाद्यांचं एक दुकान आहे. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. समोर राजा जरी गिऱ्हाईक म्हणून आला तरी पाच वाजले की शटर अर्धं खाली ओढून जेवायला घरी जाणार. म्हणून दुपारचाच गेलो. बाजारात नवी हळद यायचे दिवस होते. सांगलीत त्या दिवसांत मार्केट यार्डाकडून वारा आला की अख्ख्या गावाला हळदीचा वास येतो. कोरडा, जरा कडवट, घशात बसणारा. मी आयुष्यभर हळदीच्या मांडवात वाजवत आलो, पण तिथला वास ओल्या हळदीचा, तेलाचा, घामाचा. हा वेगळा. ह्या वासात कुणाचं लग्न नसतं.

अण्णांनी नवीन मशीनवरचं प्लास्टिक काढलं आणि बोट टेकवलं. "हे बगा. ढोलकी एक. ढोलकी दोन. ढोलकी तीन. हलगी हाय, संबळ हाय. काय पायजे ते हाय."

मी वाकडं तोंड करून ऐकत होतो. आवाज स्वच्छ, नको इतका स्वच्छ. धुऊन इस्त्री केलेला. "जीव नाही अण्णा ह्यात," मी म्हणालो. असं म्हटलं की आपण जाणकार वाटतो. पण ढोलकी तीन लागली तेव्हा काहीतरी झालं खरं. ठेका फिरून परत पहिल्या टोल्यावर येतो, त्याला सम म्हणतात. त्या समेवर यायच्या जरा आधी माझी मान आपसूक डोलली. काहीतरी ओळखीचं गेलं जवळून. काय ते कळलं नाही. "बंद करा ते," मी जरा जोरातच म्हणालो.

मग मूळ प्रश्न विचारला. "माझ्या मशीनमधली ढोलकी ह्यात भरता येईल का?"

"न्हाई येत. कंपनी येगळी. त्याचं पोट येगळं, ह्याचं पोट येगळं. आनि कशाला पायजे तुमाला ती? जुनं मला द्या, बदल्यात घेतो."

"देता येत नाही. त्यात माणूस आहे," मी म्हणालो.

अण्णांनी मशीनवर परत प्लास्टिक ओढलं. त्यांना वाटलं असेल, उन्हानं ह्याचं डोकं फिरलं.

माणूस म्हणजे सर्जा. सर्जेराव, रहिमतपूरचा ढोलकीवाला. अकरा वर्षं आम्ही एका टेम्पोत बसलो, एका पंगतीत जेवलो. मी पेटीचं काम कीबोर्डवर करायचो म्हणून तो मला जुन्या रिवाजानं मास्तर म्हणायचा. कुणाला चेष्टा वाटायची. मला नाही. आयुष्यात मला मास्तर म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

मूळचा तो कोयनानगरचा. बाप धरणाच्या वसाहतीत वॉचमन होता आणि ढोलकी वाजवायचा. घरात खुंटीवर ढोलकी टांगलेली असे. तिकडं भूकंपाचे धक्के म्हणजे रोजच्या पाहुण्यासारखे. चहा पिता पिता बशी हलली तर बशी धरायची, कपाला काही करायचं नाही, असं सर्जा सांगायचा. "आदी आवाज येतो, मास्तर. जमीन आतनं घुंऽ करती. मग हादरा. आमच्या ढोलकीला तो आवाज आमच्या आदी कळायचा. खुंटीवरच घुमाय लागायची. आमचा बा म्हनायचा, सम अशी आली पायजे. आदी आवाज, मग हादरा."

तेच त्यानं उचललं होतं. ठेका समेवर यायच्या आत डाव्या हाताचं मनगट कातड्यावर पुढं सरकवायचा. घुंऽ असा एक घुमारा आतून उठायचा, आणि मग टोला पडायचा. एवढंसंच. अर्ध्या मात्रेचा खेळ. पण तेवढ्यावर मांडवातल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा मान डोलवायच्या, का डोलवतोय ते त्यांना कळायचं नाही. मला कळायचं. निदान मला असं वाटायचं की मला कळतं. लोकांना मी सांगायचो, आमचा सर्जा जमिनीच्या पोटातला आवाज काढतो. केवढा तोरा असायचा माझ्या बोलण्यात.

तर ती चौदा वर्षांपूर्वीची लग्नसराई. मी हे मशीन नवंकोरं आणलं होतं. त्यात खऱ्या वाद्याचा आवाज भरून घेता यायचा, तेव्हा ते फार मोठं अप्रूप होतं. चैत्रातल्या एका दुपारी मी ते घेऊन रहिमतपुरात सर्जाच्या घरी गेलो. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला वाकळ टांगली. घरघर नको म्हणून पंखा बंद केला. शालन वहिनी, म्हणजे सर्जाची बायको, दारात बसली आणि गल्लीतल्या बायकांना हातानंच गप्प करत राहिली. कुकर लावायचा तो तिनं आमच्यापायी थांबवला होता. दुपारचे तीन वाजले तरी कुणी जेवलेलं नव्हतं.

खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. सर्जानं हाताला पावडर लावली, घामानं ती लगेच पिठासारखी मळली, पुसून परत लावली. आधी एकेक टोला. प्रत्येक टोला वीस-वीस वेळा, हळू, मध्यम, जोरात. मग सगळे ठेके सलग. केरवा, दादरा, लावणीचा, भजनाचा. त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चटईवर पडत होते आणि मी मात्र स्क्रीनकडं बघत होतो. पट्टी हिरवी झाली की आवाज नीट आला असं समजायचं. मी त्या हिरव्या पट्टीकडं बघत होतो, माणसाकडं नाही.

मध्येच त्यानं विचारलं, "हे समदं कशापायी, मास्तर?"

"असू दे रे. एखाद्या तारखेला तुला यायला नाही जमलं तर हाताशी असावं."

"मला कवा जमलं न्हाई?"

मी पुढचं बटण दाबलं. खरंच अकरा वर्षांत त्याला जमलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो टेम्पोत बसला होता.

सगळं झाल्यावर मी हेडफोन लावून एकदा ऐकलं. सर्जा घाम पुसत माझ्या तोंडाकडं बघत होता. "सगळं आलं ना?" मी विचारलं. तो म्हणाला, "तू सांग. कान तुजा हाय." मी म्हणालो, "सगळं आलं." त्यानं मान हलवली आणि पंखा लावला. मग वहिनीनं कुकर चढवला आणि आम्ही तिघं चार वाजता आमटी-भात जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं. आमटीत आलं जास्त झालं होतं, रहिमतपुरात सगळ्याच आमट्यांत होतं. त्या घरात मी जेवलो ते तेवढंच शेवटचं.

आमच्या धंद्यात कुणाला काढून टाकत नाहीत. तसा रिवाजच नाही. फोन करत नाहीत, एवढंच. माणूस तारखेची वाट बघतो, वाद्य पुसून ठेवतो, आणि एक दिवस त्याचं त्याला उमगतं. भांडण नाही, वाईट बोलणं नाही, सगळं कसं सभ्य. सभ्यपणा असला की माणसाला दिवसाढवळ्या काय काय करता येतं!

पहिली हळद मसूरकडची होती. नवरदेवाचा बाप म्हणाला, जागा लहान हाय, माणसं कमी आणा. मला निमित्तच पाहिजे होतं. गाणारी एक मुलगी आणि मी, दोघंच गेलो. सुरुवात करायचं बटण दाबलं आणि स्पीकरमधून सर्जा वाजायला लागला. मी मान वर केली नाही. आता कुणीतरी विचारणार, ढोलकीवाला कुठाय? कुणी विचारलं नाही. बायका नाचल्या, पोरं नाचली, व्याही नाचले. मला बरं वाटलं. आज हे लिहिताना शरम वाटते, पण तेव्हा बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू? मग उंब्रजची हळद, मग पाटणची. टेम्पोची गरज उरली नाही, मी जुनी व्हॅन घेतली. त्या साली माझ्या कॅलेंडरवर जितके लाल गोल झाले तितके आधी कधी झाले नव्हते.

ज्येष्ठ लागता लागता रहिमतपूरच्या स्टँडवर सर्जा समोर आला. मी पलीकडच्या एका गावातून हळद वाजवून परतत होतो, व्हॅन थांबवून चहा प्यायला उतरलो होतो. तो पोस्टाच्या पेटीजवळ उभा. हसला. "काय मास्तर, शिजन कसा?"

"थंडच रे यंदा," मी म्हणालो. "तारखाच नाहीत."

आमच्याकडं हळदीत वाजवणाऱ्यालाही सोडत नाहीत. नवरीला लावून उरलेली हळद करवल्या आमच्या गालाला, हाताला फासतात. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत हळदीचा पंजा ओढलेला होता. ताजा, ओला. सर्जानं त्याच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. तो म्हणाला, "व्हय. थंडच हाय." आणि चहाचे पैसे त्यानंच दिले.

तो शर्ट मी परत घातला नाही. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि उन्हात ठेवला की उडून जातो, हे सगळ्या बायकांना माहीत असतं. सुमननं दोन दुपारी उन्हात टाकून तो डाग साफ घालवला. तरी मी घातला नाही. ती विचारत राहिली, का हो? मी म्हणालो, आखूड झालाय.

पुढं सर्जा आलं धुवायच्या कामावर लागला. रहिमतपूरच्या बाजूला आल्याची शेती लय. शेतातून आलं निघालं की मातीसकट हौदात टाकून धुतात, दिवसभर पाण्यात हात. कुणीतरी मला सांगितलं, त्याची बोटं फुटलीत, शिवाय आल्याची आग होते. मी हळहळलो. हळहळायला काही लागत नाही. त्या दिवसांत मी मांडवात बसून त्याचीच बोटं वाजवत होतो, न फुटलेली, पावडर लावलेली. आणि मनाशी म्हणायचो, काही म्हटलं तरी सर्जा माझ्याजवळ आहे. दुसरी माणसं कंपनीची ढोलकी वाजवतात, माझ्याकडं खरा माणूस आहे. असा मी त्याला जपत होतो!

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जिभेला जडपणा आला. मी मोसंबी घेऊन गेलो, दहा मिनिटं टेकलो, घड्याळ बघितलं, आलो. त्यानंतर मशीन बदलायचा विषय निघाला की मी आणखीच अडून बसायला लागलो. माणूस पडला, आता त्याचा हात तेवढा मशीनमध्ये उरला. तोही अण्णांच्या दुकानात कोपऱ्यात टाकून यायचा? हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलं की मला स्वतःलाच गहिवरून यायचं. लोक म्हणायचे, काय माया हो तुमची.

परवा सुमनलाही तेच सांगत होतो. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग येकदा त्यास्नी जाऊन ऐकवून तरी या की. त्यांचं हाय न्हवं ते?"

चौदा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी गेलो. तीच खोली. खिडकीला आता वाकळ नव्हती, ऊन थेट कॉटवर येत होतं. सर्जा भिंतीला टेकून बसला होता. दाढी पांढरी, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. उशाशी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर औषधाच्या बाटल्या. खुंटी रिकामी होती. माझी नजर तिकडं गेलेली शालन वहिनीनं बघितली. "दिली भजनी मंडळाला," ती म्हणाली. "हितं टांगल्याली बघून ह्यास्नी झोप येईना."

मी कॉटसमोर स्टूलवर मशीन मांडलं. मग सरळच सांगितलं. "सर्जा, हे मशीन जुनं झालंय. नवीन घेतलं तर तुझी ढोलकी त्यात जात नाही. तुला ऐकवून मग ठरवावं म्हटलं."

"लाव," तो म्हणाला. शब्द तोंडाच्या एका बाजूनं येत होते.

केरवा लावला. खोलीत सर्जा वाजायला लागला. तरणा, घामेजलेला, एकही टोला इकडचा तिकडं नाही. वहिनी दारात थांबली होती, तिनं पदर तोंडाला लावला. सर्जा डोळे मिटून ऐकत होता. चार फेरे झाले, आठ झाले. मला वाटलं आता त्याच्या डोळ्यांतून पाणी येईल. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत होतो. पाणी आलं असतं तर मी सुटलो असतो.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तुला कवाच कळलं न्हाई व्हय?"

"काय?"

त्यानं डावा हात उचलला, ट्रंकेवर ठेवला आणि मनगटाची टाच पत्र्यावरून पुढं सरकवली. घुंऽ. वरच्या बाटल्या किणकिणल्या. आणि बरोब्बर त्यावर मशीनमधली सम पडली. पुढच्या फेऱ्याला परत. घुंऽ, आणि सम. आधी आवाज, मग हादरा. ठेका अंगावर आला.

"ह्यो न्हाई त्यात," सर्जा म्हणाला. "म्या दिलाच न्हाई. समदं दिलं, ह्यो ठिवला."

"का रं?" मी विचारलं.

"मला वाटलं, कळंल तुला. येक हळद वाजवशील, दोन वाजवशील. मग म्हनशील, सर्जा, कायतरी कमी पडतंय गड्या, ये." तो दम खायला थांबला. "कान तुजा हाय म्हनलो हुतो न्हवं."

वहिनी दारातूनच म्हणाली, "त्या साली रोज ढोलकी उनाला धरायचं. शेजाऱ्याचा फोन वाजला तरी हेच उठायचं."

मी मशीन बंदही केलं नाही. ते आपलं वाजतच होतं, फेऱ्यामागून फेरा, आणि आता प्रत्येक समेआधीची ती जागा मला रिकामी ऐकू येत होती. अकरा वर्षं मी ह्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो. त्या घुमाऱ्याचं कौतुक गावोगाव सांगितलं. आणि चौदा वर्षं तो नव्हता ते मला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं असं कुणी म्हणेल, तर तेही असेल, पण त्यानं माझा गुन्हा काही कमी होत नाही. सांगलीच्या दुकानात ढोलकी तीनला मान का डोलली ते आत्ता उमजलं. त्या नव्या मशीनमध्ये तो घुमारा होता. कुठल्या तरी परमुलखातल्या, मी कधी न पाहिलेल्या ढोलकीवाल्यानं हात न राखता दिलेला. आणि मी म्हणालो होतो, जीव नाही ह्यात.

"लोकांच्या ध्यानात आलं न्हाई?" सर्जानं विचारलं. "कुनाच्याच?"

आलं की, म्हणायला काय जात होतं माझं? एका म्हाताऱ्यानं मसुरात विचारलं होतं म्हणून, काहीही. पण आयुष्यात त्याच्याशी एवढं खोटं बोललो होतो की आता आणखी एक जमेना.

"न्हाई," मी म्हणालो.

"नाचत हुते?"

"नाचत हुते."

त्यानं मान हलवली. ट्रंकेवरचा हात उचलून घेतला. मग म्हणाला, "पूस ते."

"असू दे रं. मी नवीन घेणारच नाही. हे असंच ठेवतो, वाजवणार नाही, नुसतं ठेवतो."

"कशाला? त्यात मी हाय कुठं?" तो पहिल्यांदाच चिडला. चिडल्यावर जीभ आणखी जड झाली. "पूस म्हनतो न्हवं. माजं हाय ते."

मी ठेका थांबवला. एकेक बटण दाबत आत गेलो, आडव्या रेघांच्या फटीतून नाव शोधलं. चौदा वर्षांपूर्वी मीच टाकलेलं नाव, सर्जा एक. ते पुसायचं बटण दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि खाली दोन चौकोन. माझं बोट तिथंच थांबलं.

"काय म्हनतंय?" सर्जानं विचारलं.

"विचारतंय. नक्की पुसायचं का म्हणून."

त्यानं मान पुढं काढून त्या स्क्रीनकडं बघितलं. त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं, तरी कुणीतरी नीट बोलल्यावर बघतात तसा बघत राहिला.

"त्यानं तरी इच्यारलं," तो म्हणाला. मग माझा हात बाजूला सारून त्यानं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं.